मुलांसोबत गाडीतच मुक्काम : रेहेकुरीचा माळ आणि भंडारदऱ्याचं रान

अहिल्यानगर जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रात अशी सहा उद्यानं आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचं संजय गांधी. त्यांतली चार थेट विदर्भात. कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची, मुलांना तिच्यातच झोपवायचं आणि जंगल दाखवून आणायचं, असा बेत घरात शिजू लागला की पहिलं नाव निघतं ताडोब्याचं. अहिल्यानगरहून ते अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात जातं. सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला मग सगळा रस्ताच येतो, आणि जंगल उरतं ते शेवटच्या सकाळी, पेंगुळलेल्या डोळ्यांनी बघण्यापुरतं.

म्हणून पहिली सहल जिल्ह्यातच करावी. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वात मोठा असलेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरवर पसरला आहे. त्याच्या दक्षिणेला कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, तर वायव्येला अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. एकीकडे अवर्षणाचा माळ, जिथं पावसाची वाट बघण्यात मृग-आर्द्रा निघून जातात. दुसरीकडे घाटघर, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. एकाच जिल्ह्याची पाटी लावलेल्या गाड्या या दोन्ही टोकांना फिरतात, पण नगर शहरातल्या कितीतरी मुलांनी यातलं एकही टोक पाहिलेलं नसतं. शिवाय पोराला रात्री ताप भरला, गाडी बिघडली किंवा सगळ्यांचाच मूड गेला, तरी तीन-चार तासांत घर गाठता येतं. पहिल्या खेपेला एवढा आधार हवाच.

घर सोबत घेऊन फिरणं या जिल्ह्याला नवं नाही. बिऱ्हाड घोड्यावर लादून, लेकरं-कोंबड्या-करडांसह चारणीला निघालेले धनगरांचे वाडे पारनेर-संगमनेरच्या रस्त्यांवर आजही दिसतात. मुलांना ते गाडी थांबवून दाखवावेत, मात्र विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

आता गाडीविषयी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात अशा गाड्यांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ यांचा विचार आहे. पण आपण जिथं जाऊ तिथं असा तळ तयार मिळेल, हे गृहीत धरून निघू नये. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कॅराव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या असतात : दोन ते चार जणांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, संडास, आणि हे सगळं चालवायला वेगळी बॅटरी. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नंबरप्लेट. चालकासह घ्यायची असेल तर पिवळी पाटी, स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी गाडी ओळखीवर, चार पैसे कमी देऊन घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. दुसरी गोष्ट, उंची. छतावर एसीचा डबा असला की गाडी नऊ-दहा फुटांवर जाते. अकोल्याच्या आतल्या रस्त्यांवर खाली झुकलेल्या फांद्या आणि लोंबत्या तारा पुष्कळ. उंचीचा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावा. तिसरी, मागच्या प्रत्येक सीटला चालू स्थितीतला बेल्ट.

कॅराव्हॅन परवडत नसेल तर अडून बसू नये. ओळखीच्या चालकाची ट्रॅव्हलर किंवा घरचीच सात सीटची गाडी, दोन तंबू आणि भंडारदऱ्याजवळच्या शेंडीत किंवा राजूरमध्ये एखादी खोली, एवढ्यात मुलांची मजा तसूभरही कमी होत नाही. पलंग गाडीत आहे की जमिनीवर, याचं अप्रूप त्यांना फार तर पहिल्या रात्री असतं.

बेल्टबद्दल मात्र तडजोड नको. कॅराव्हॅनमध्ये पलंग दिसला की मुलं धावत्या गाडीत त्यावर लोळणार, हे ठरलेलं. पालकही ‘झोपलंय तर झोपू दे’ म्हणतात. गाडीला जोरात ब्रेक लागला की पलंगावरचं मूल समोर फेकलं जातं, ओट्यावरचा कुकरही तसाच येतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन न लावता गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, पण चाकं फिरत असताना पलंग रिकामा, हा नियम निघण्याआधी घरातच मुलांना सांगून टाकावा. वाटेत सांगितलेले नियम मुलं मानत नाहीत.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की राहुरी, श्रीरामपूर, लोणी, संगमनेर, श्रीगोंदा, कर्जत या सगळ्या पट्ट्यात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर वाढ्यांचा भारा दोन्ही बाजूंनी लोंबतोय, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती ट्रॉली दिसते तेव्हा ती पन्नास फुटांवर आलेली असते. सवयीचा माणूसही अशा वेळी चुकतो. मग उंच, जड, अनोळखी गाडी चालवणाऱ्याने काय करावं? नोव्हेंबर ते मार्च या काळात अंधार पडल्यावर गाडी हाकूच नये. दुपारी चारला मुक्कामी पोहोचायचं, अशा हिशेबाने निघावं.

रेहेकुरी लहान मुलांना जंगल दाखवायला फार चांगली जागा आहे. याचं कारण तिथं झाडं कमी आहेत. दाट जंगलात मुलांना काहीच दिसत नाही आणि ती अर्ध्या तासात कंटाळतात. माळावर सगळं उघडं असतं. १९८० मध्ये राखीव झालेलं हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. गवत, मधूनमधून हिवर, बाभूळ, लिंब. नगरहून सोलापूर रस्त्याने मिरजगाव आणि तिथून कर्जत, असा सरळ मार्ग. मुक्काम कर्जतला किंवा राशीनला करावा आणि उजाडायच्या सुमारास फाटकावर हजर राहावं.

सकाळच्या कोवळ्या उन्हात कळप उघड्यावर असतो. आधी दिसतात त्या माद्या आणि पिल्लं, वाळल्या गवताच्याच रंगाची. मान वर केली तरच कळतं की तिथं काही आहे. मग थोडा बाजूला, एकटा उभा असलेला नर. पाठ काळी-तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरं वर्तुळ आणि डोक्यावर मळसूत्रासारखी पिळदार शिंगं. वय वाढतं तसा नराचा रंग गडद होत जातो, त्यामुळे तपकिरी आणि आखूड शिंगांचा दिसला तर तो तरणा पोरगा. मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि तीन रकाने आखून द्यावेत : काळे नर, तपकिरी नर, माद्या-पिल्लं. मोजदाद सुरू झाली की दहा मिनिटांत सगळ्यांत धाकटंसुद्धा गप्प होतं. एखादी मादी अचानक सरळ वर उडी घेते आणि मग अख्खा कळप उड्या घेत पळत सुटतो. असं झालं तर आपण जास्त जवळ गेलो, एवढं ओळखावं आणि मागे फिरावं. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळू शकतो, पण दर पाहुण्यामागे पळत बसला तर त्याने चरायचं कधी?

चालत्या माणसापेक्षा उभ्या गाडीला जनावरं कमी बुजतात. आत कुठपर्यंत गाडी न्यायची आणि कुठं पायी जायचं, हे तिथल्या वनरक्षकाला विचारूनच ठरवावं. आठ बाय चाळीसची दुर्बीण असेल तर उत्तम. त्याच माळावर चंडोल, टिटवी, धाविक आणि तारेवर बसलेली कापशी घार हमखास नजरेस पडू शकतात. पायात बूट आणि लांब पँट घालावी. कुसळं मोज्यांत घुसली की मुलं रडकुंडीला येतात आणि ती एकेक उपटून काढण्यात सकाळ जाते. उन्हं चढली की परतावं. दुपारी राशीनच्या जगदंबेच्या देवळातल्या हलणाऱ्या दीपमाळा दाखवाव्यात. मुलांना त्या काळविटाइतक्याच आवडतात.

जाता जाता मुलांना माळढोकाचीही गोष्ट सांगावी. सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतल्या माळांवर १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता तो पक्षी या माळांवरून जवळपास नाहीसाच झाला आहे. गवताळ माळाला सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणण्याची सवय आपल्याला फार महाग पडली आहे.

रेहेकुरी आणि भंडारदरा एकाच शनिवार-रविवारी उरकण्याचा मोह आवरावा. दोन्हींमध्ये अख्खा जिल्हा आडवा पडतो. एका सहलीत एकच ठिकाण, आणि तिथं किमान दोन रात्री. मुलांना पहिला दिवस गाडी कळायलाच लागतो. आजूबाजूला बघायला ती दुसऱ्या दिवशी सुरुवात करतात.

भंडारदऱ्याला नगरहून राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं जावं. अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे. राजूरच्या अलीकडे विठा घाट लागतो. चढताना-उतरताना गिअर खालचा ठेवावा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. पाण्याच्या टाकीसह भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर तोलत नाही. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांना पुढच्या बाजूला बसवून लांबचं बघायला लावावं आणि हातातला मोबाइल काढून घ्यावा. राजूरला पेढे घ्यायला थांबणं आलंच.

प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्यामागचा जलाशय एके काळी ऑर्थर लेक म्हणून ओळखला जाई, आता त्याला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरतो. सुंदर आहे, पण अरुंद आहे आणि काही वळणांवर समोरून एसटी आली तर मोठ्या गाडीची पंचाईत होते. कॅराव्हॅन शेंडीत उभी करावी आणि फिरायला गावातली जीप सांगावी. त्यात दोन फायदे : चालकालाही डोळे भरून बघता येतं, आणि जीपवाल्या दादांना कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठं रस्ता खचलाय, हे त्या दिवसापुरतं ठाऊक असतं. पावसाळ्यात जड गाडी घेऊन इकडे येऊच नये. रस्त्याच्या कडेची लाल माती चाक गिळते.

मुलांसाठी काय? रतनवाडीचं अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ नक्की. दगडावरची कोरीव शिल्पं हातभर अंतरावर असतात. साम्रदची सांदण दरी वरच्या तोंडाशी बघून यावी. आत दोर लावून उतरणं हे मोठ्यांचं काम. १,६४६ मीटरचं कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढायला लोखंडी शिड्या आहेत. रोज खेळणारी दहा-बारा वर्षांची मुलं सकाळी लवकर निघाली तर चढून जातात. त्याहून लहानांना पहिल्या शिडीपर्यंत नेऊन हसतखेळत परत आणावं. रंधा धबधब्याला कठड्याच्या आतून बघायचं. जलाशयात पोहायला उतरायचं नाही. काठाचा उतार अचानक तुटतो आणि तळाला चिखल असतो, त्यात पाय अडकतो. होडीत बसायचं तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि मुलाच्या मापाचं नसेल तर होडी नको.

गाडी रात्री कुठं उभी करावी, हा या प्रकारच्या सहलीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न. अभयारण्याच्या हद्दीत वाटेल तिथं थांबून झोपता येत नाही, परवानगी लागते. मोकळं पठार कितीही मोहात पाडो, रिसॉर्टच्या आवारात किंवा गावात एखाद्याच्या अंगणाशेजारी थांबावं. ‘मामा, गाडी इथं लावली तर चालेल का?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा जागा मिळते, पाणी मिळतं आणि संध्याकाळी तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी आणि पिठलंही मिळतं. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. जागा सपाट असावी, चारही चाकांना दगड लावावेत.

अकोले तालुका बिबट्यांचा आहे, आणि हे भीती घालण्यासाठी सांगायचं नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शेतं आणि माणसांची दाट वस्ती असलेल्या त्या खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या आहारात सर्वात मोठा वाटा होता गावातल्या कुत्र्यांचा. गाडीतून फेकलेलं खरकटं कुत्र्यांना बोलावतं आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे साखळीचं गणित मुलांना चटकन समजतं. खरकटं डब्यात बंद करून गाडीतच ठेवावं. दिवस मावळल्यावर लहान मुलाला लघवीलाही एकटं सोडू नये. सोबत मोठं माणूस, हातात विजेरी, आणि बोलत-बोलत जावं. वाकून बसलेलं मूल आणि उभा माणूस यांत बिबट्याला फरक वाटतो. वन्यप्राण्यासंबंधी काही अडचण आली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

त्याहून मोठा धोका मात्र गाडीच्या आत असतो. थंडीत घाटघरला बोचरा वारा सुटतो आणि काचा लावून आत शेगडी पेटवावीशी वाटते. बंद गाडीत कोळशाची शेगडी, गॅसची चूल किंवा झोपताना चालू ठेवलेलं इंजिन, यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. उबेसाठी गोधड्या घ्याव्यात. स्वयंपाक दार उघडं ठेवून किंवा बाहेर करावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीलगत साठतो. म्हणून वास आला की आधी सगळ्यांनी खाली उतरायचं, दिव्याचं बटण दाबायचं नाही. अभयारण्यात शेकोटी पेटवू नये. वाळल्या गवतात ठिणगी पडली की डोंगर जळतो, आणि अशी आग लावणं कायद्याने गुन्हाही आहे.

चौघांच्या कुटुंबाला एका दिवसासाठी वीस लिटरचे दोन जार पुरतात, एक पिण्या-रांधण्याचा आणि एक धुण्याचा. संडासाची टाकी ओढ्यात रिकामी करण्याचा विचारही मनात आणू नये. प्रवरा रतनगडावर उगम पावते. तेच पाणी भंडारदरा आणि निळवंडे धरणांतून अकोले, संगमनेर, राहुरी करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळतं. वर टाकलेली घाण खाली आपल्याच शेतात आणि नळात येते. मुलांना नकाशावर बोटाने ही नदी शोधायला लावावी. भूगोलाच्या तासाला जमत नाही ते इथं पाच मिनिटांत जमतं. टाकी रिकामी करायची ती मुक्कामाच्या संडासात, मालकाला विचारून.

मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध काजव्यांचा. हिरडा, बेहडा, सादडा यांच्या फांद्या अंधारात एका लयीत उजळतात आणि विझतात. तो प्रकाश नर-मादीच्या भेटीचा इशारा असतो. त्यामुळे हेडलाइट, फ्लॅश, विजेरी यांचा झोत पडला की त्यांची भेटच हुकते. या दिवसांत गर्दी फार होते, वनखातं प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क ठरवतं, त्या पाळाव्यात. शनिवार टाळून मधल्या वारी जावं, गाडी गावात लावून वाटाड्याबरोबर पायी जावं. विजेरीला लाल जिलेटिन कागद बांधला की पायाखालचं दिसतं आणि काजवेही बिथरत नाहीत. बाटलीत काजवे धरायला सक्त मनाई.

औषधाच्या डब्यात ओआरएस, पॅरासिटामॉल (मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेलं), उलटीचं औषध, पट्ट्या आणि चिमटा. बूट घालण्याआधी झटकायचे, रोज. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर आघात करतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यातले मृत्यू रोखता येतात हे दाखवलं, पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचलं पाहिजे. साप चावला तरी तेच : कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अंग हलू न देता १०८ ला फोन करून निघायचं. घाटघर-साम्रदकडे रेंज जाते, म्हणून राजूर आणि अकोल्याच्या दवाखान्यांचे पत्ते कागदावर असावेत.

शिदोरीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्यावा. पाकिटातल्या खाऊपेक्षा हे टिकतं आणि मागे प्लॅस्टिक उरत नाही. परतताना एक दिवस हाताशी असेल तर आधी विचारून कोंभाळण्याला जावं. याच तालुक्यातल्या या गावात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. घेवडा-वालाचे रंगीत दाणे, त्यांवरचे ठिपके आणि पट्टे हातात घेऊन बघताना शहरातली मुलं रमून जातात.

या दोन्ही सहली नीट झाल्या की ताडोब्याचा विचार करायला हरकत नाही. १९५५ मध्ये झालेलं ते राज्यातलं सर्वात जुनं राष्ट्रीय उद्यान. तिथं आपली कॅराव्हॅन फाटकाबाहेरच राहते, आत नोंदणी केलेल्या जिप्सीतून वाटाड्यासोबत जावं लागतं. मंगळवारी उद्यान बंद, पावसाळ्यात गाभ्याचा भाग बंद. सफारीची जागा आधी नक्की करावी आणि गाडीचं भाडं त्यानंतरच ठरवावं. जाण्याचा प्रवास दोन दिवसांत वाटून घ्यावा, आणि नोंदणीत ज्यांची नावं आहेत त्यांची मूळ ओळखपत्रं, मुलांची आधार कार्डंसुद्धा, पहाटे शोधावी लागणार नाहीत अशा एकाच पाकिटात ठेवावीत.